शरदातील जंगल आणि लहान मुले : चांदोली की भीमाशंकर?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासही मज्जाव असतो, तर अभयारण्यात, म्हणजे त्याहून किंचित सैल संरक्षण असलेल्या वनक्षेत्रात, चराईला काही अटींवर मुभा मिळू शकते. महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी एकही पुणे जिल्ह्यात नाही. त्यांपैकी २००४ मध्ये घोषित झालेले आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट असलेले चांदोली मोठ्यांना मोहात पाडणारे खरे. परंतु पावसाळ्यात बंद राहणारे हे उद्यान ऑक्टोबरमध्ये नेमके केव्हा खुले होते, याची वनविभागाकडे आधी चौकशी करावी लागते आणि पुण्याहून निघाल्यास दोन दिवसांच्या सहलीतील बराच वेळ गाडीतच जातो.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी म्हणूनच पुण्यापासून सुमारे ११० किलोमीटरवरील भीमाशंकर अभयारण्य (१९८५) अधिक सोयीचे ठरते. तेथील शेकरू, म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी, सकाळी व सायंकाळी अधिक हालचाल करते आणि भर दुपारी विसावते; त्यामुळे शनिवारी मंचर-घोडेगावमार्गे मुक्कामी पोहोचून रविवारी उजाडताच बाहेर पडणे श्रेयस्कर. एकच शेकरू उंच फांद्यांवर काटक्या-पानांची अनेक गोलसर घरटी बांधत असल्याने, प्राणी दिसला नाही तरी घरटी मोजण्याचा उद्योग मुलांना पुरतो. दिवाळीच्या सुटीत तेथील ज्योतिर्लिंगाच्या दर्शनासाठी गर्दी उसळते, तेव्हा तो आठवडा टाळलेला बरा. सकाळचे दवाने ओले गवत आणि दुपारचा ऑक्टोबरचा चटका, दोन्हींसाठी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे व जादा पायमोजे सोबत असावेत.