पोस्ट एकाची, काचा दुसऱ्याच्या

मी कॉन्व्हेंटची, शुद्धलेखन सांभाळून घ्या! आचोळ्यात माझ्या काकांचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. परवा दुकानातल्या मुलाने दुकानाच्याच फेसबुक पेजवर राजकारणातला जोक टाकला. मी हसले, काका चिडले. म्हणाले, "पालघर विसरलीस?"

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने लाईक केलं. दोघींना अटक झाली. जमावाने मुलीच्या काकांचं क्लिनिक फोडलं. त्यांनी तर काहीच लिहिलं नव्हतं! आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पण जमाव कुठे कलम बघून येतो?

म्हणजे धोके दोन प्रकारचे. पहिला आपल्या हातातला: पेजचा पासवर्ड मोजक्यांकडे, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू, नोकरी सोडणाऱ्याचा अ‍ॅक्सेस त्याच दिवशी बंद, स्वतःचं मत स्वतःच्या अकाउंटवरून. दुसरा हातात नसलेला: जमाव. त्यासाठी धमकीचे स्क्रीनशॉट ठेवा, पोलिसांत लेखी तक्रार द्या, विम्यात दंगलीचं नुकसान धरलंय का ते तपासा.

"मग गप्पच बसायचं का?" मी विचारलं.

काका म्हणाले, "बोल ना! पण दुकानाच्या तोंडून नको."

मला पटलं. तुम्हाला?