विमानाच्या आतला दोष पकडणारी काचेची तार

उमराहला जाणारे आपले कितीतरी लोक बोइंग ७८७ मधून प्रवास करतात. सौदिया आणि एअर इंडिया, दोघांच्याही ताफ्यात हे विमान आहे. त्याच्या वजनाचा सुमारे ५० टक्के भाग धातूचा नाही, कंपोझिटचा आहे. म्हणजे कार्बनच्या बारीक धाग्यांचे थर रेझिनने चिकटवून, तापवून पक्के केलेले. हलकं, मजबूत, गंजायची भीती नाही.

अडचण मार लागल्यावर येते. अॅल्युमिनियमवर हत्यार पडलं तर पोचा दिसतो. कंपोझिट वरून जवळजवळ जसंच्या तसं दिसतं आणि आत थर सुटलेले असतात, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे. पुढे दाब येत राहिला की ही फट पसरत जाते. नाण्याने टकटक करून आवाज ऐकायची जुनी पद्धत अजून चालते, पण ती ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून.

दुसरा मार्ग उष्णतेचा. सुटलेल्या थरांमधली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. पृष्ठभाग थोडा तापवला की फटीवरची जागा शेजारच्यापेक्षा जास्त वेळ गरम राहते, खालची उशिरा तापते. हा छोटा फरक टिपायला ऑप्टिकल फायबर वापरतात. घरच्या इंटरनेटची असते तीच काचेची तार, जाडी १२५ मायक्रॉन. आत लेझर सोडला की काचेच्या प्रत्येक कणाकणातून थोडा प्रकाश मागे फिरतो. प्रत्येक जागेचा हा प्रकाश वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा, आणि तापमान बदललं की ठसा किंचित सरकतो. त्यामुळे एकाच तारेवर काही मिलिमीटरच्या अंतराने तापमान वाचता येतं. एका ओळीत हजारो थर्मामीटर म्हणा ना!

मात्र तार ताणली गेली तरी ठसा सरकतो. म्हणून ती बारीक नळीत सैल ठेवावी लागते. त्याहून मोठा पेच वेगळाच आहे. कार्बनचा धागा ५ ते ७ मायक्रॉनचा, त्यात ही जाड तार आडवी घातली तर तिच्या बाजूंना नुसतं रेझिन साचतं, म्हणजे दोष शोधणारीच दोष तयार करते. ती धाग्यांच्या दिशेनेच घालतात, नाहीतर वरून चिकटवतात. प्रवासी विमानांची तपासणी आजही मुख्यतः डोळ्यांनी आणि अल्ट्रासाउंडनेच होते.

कारखान्यात मात्र तिचा आणखी एक उपयोग आहे. रेझिन सुमारे १८० अंश सेल्सिअसला पक्कं होताना स्वतःही उष्णता सोडतं. जाड भागात कुठे जास्त तापलं, कुठे कच्चं राहिलं, हे तार तेव्हाच सांगते.