पाणी नको, सरबत हवं!

एप्रिल महिना. जळगाव-धुळ्याकडच्या शाळा सकाळच्या झालेल्या असतात. शाळा सुटते तेव्हा पारा चाळिशीच्या आसपास पोचलेला असतो. मूल घरी येतं, दप्तर टाकतं. आई पाण्याची बाटली उघडून बघते, तर सकाळी दिली होती तितकीच भरलेली! "अरे, पाणी का नाही प्यायलास?" "आवडत नाही मला." आणि हेच मूल शाळेच्या फाटकाबाहेर बर्फाचा गोळा नाहीतर रंगीत सरबत मात्र चाटूनपुसून संपवून आलेलं असतं.

मोठी माणसंही याला अपवाद नाहीत. "चहा दहा वेळा द्या, पण पाणी घशाखाली उतरत नाही" असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक शिक्षककक्षात सापडेल. आपण याला हट्ट म्हणतो, फार तर वाईट सवय म्हणतो आणि सोडून देतो. पण खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. तिथे पाणी कमी पिणं ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून आम्हाला वाटतं, की 'आवडत नाही' हे उत्तर एकदा नीट ऐकून घ्यावं.

पहिली अडचण आपल्याच पुस्तकात आहे. पाणी रंगहीन, गंधहीन आणि चवहीन असतं, असं आपण वर्गात शिकवतो. चवच नाही, तर मग नावडतं काय?

पाण्याच्या चवीची नावं

आपली भाषा मात्र पुस्तकापेक्षा शहाणी आहे. ती पाण्याला गोडं म्हणते, खारं म्हणते, मचूळ म्हणते, जड आणि हलकं म्हणते. पाण्याला चव नसती, तर इतके शब्द कशाला लागले असते?

ही चव येते विरघळलेल्या क्षारांमुळे. खानदेशाचा बराच भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. पावसाचं पाणी या खडकाच्या भेगांमधून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार सोबत घेतं. हेच विहिरीचं किंवा बोअरचं 'जड' पाणी. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे पूर्णा नदी तापीला मिळते. या पूर्णेच्या खोऱ्यात वर गेलं, की अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा लागतो. तिथल्या भूजलाचा खारेपणा तर जिभेला लगेच कळतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विरघळलेल्या घटकांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल, तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण ६०० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी चवीला चांगलं लागतं आणि हजाराच्या पुढे ते उत्तरोत्तर बेचव होत जातं.

गंमत म्हणजे क्षार फारच कमी झाले, तरी पाणी आवडत नाही. ते सपक लागतं. आरओ यंत्रातून आलेल्या पाण्याबद्दल काही जण हीच तक्रार करतात. उकळून गार केलेलं पाणीही असंच लागतं. उकळताना त्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि बायकार्बोनेटचा काही भाग तळाशी बसतो. असं पाणी एका स्वच्छ भांड्यातून दुसऱ्या भांड्यात आठ-दहा वेळा उंचावरून ओतलं, तर त्यात हवा पुन्हा मिसळते आणि चवीत फरक पडतो. मुलांना डोळे मिटून दोन्ही पाणी प्यायला द्या आणि कोणतं कुठलं ते ओळखायला सांगा.

चव पाण्याची की तोंडाची?

आता दुसरा प्रयोग. आवळा चावून खा आणि वर घोटभर पाणी प्या. पाणी गोड लागतं! हे आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. पण त्यात साखर कुठून आली?

पाणी तेच आहे, बदललं आहे ते तोंड. आपली जीभ कधीच कोरी नसते. तिच्यावर सतत लाळ असते आणि लाळेत सोडियम, बायकार्बोनेट असे क्षार असतात. जिभेला या खारटपणाची सवय झालेली असते, म्हणून तो आपल्याला जाणवत नाही. पाण्याच्या घोटाने लाळ धुऊन निघते, तेव्हा जिभेला जो बदल कळतो तीच आपल्या दृष्टीने 'पाण्याची चव'. अमेरिकेतल्या लिंडा बार्तोशुक यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत या विषयावर बरेच प्रयोग केले. जीभ आंबटाला सरावली, की नंतरचं साधं पाणी गोडसर लागतं. मिठाला सरावली, की तेच पाणी कडवट-आंबट लागतं. आणि साखरेला सरावली तरीही पाणी किंचित आंबट-कडवटच लागतं!

हे शेवटचं वाक्य आपल्या कामाचं आहे. जे मूल मधल्या सुट्टीत गोळ्या-बिस्किटं खातं किंवा गोड पेय पितं, त्याला त्यानंतरचं साधं पाणी खरोखरच वाईट लागत असतं. ते खोटं बोलत नसतं. गोड खाण्याने पाणी नावडतं होतं, म्हणून पुन्हा गोड पेय हवंसं वाटतं, असं हे चक्र फिरत राहतं.

वर्गात हा प्रयोग सोपा आहे. एका गटाने मिठाच्या पाण्याने, दुसऱ्याने साखरेच्या पाण्याने आणि तिसऱ्याने लिंबू पिळलेल्या पाण्याने अर्धा मिनिट चूळ खेळवून ती टाकून द्यावी. मग तिघांनी एकाच माठातलं पाणी प्यावं आणि चव कशी लागली ते एकमेकांना न विचारता लिहावं. सगळ्यांचं उत्तर सारखं येणार नाही. तीही एक शिकण्याजोगी गोष्ट आहे.

पण मग जिभेला निव्वळ पाणी कळतं की नाही? उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून २०१७ साली याचं एक उत्तर मिळालं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या युकी ओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की आंबट चव ओळखणाऱ्या पेशी पाण्यालाही प्रतिसाद देतात. लाळ धुतली गेल्याने तिथली आम्लता बदलते आणि हा बदल या पेशी टिपतात. संशोधकांनी याच पेशी प्रकाशाने उत्तेजित होतील अशी व्यवस्था उंदरांमध्ये केली. मग तहानलेले उंदीर पाण्याऐवजी नुसता निळा प्रकाश देणारी नळी चाटत राहिले. तहान अर्थातच भागत नव्हती. पाण्याची ओळख जिभेवर होते, पण पुरे झाल्याचा निरोप वेगळ्या वाटेने येतो, हे यातून दिसलं.

टाकीतलं पाणी आणि माठातलं पाणी

चवीइतकंच महत्त्व तापमानाला आहे. शाळेच्या गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी असते. एप्रिलच्या उन्हात तिच्यातलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं. गरम पाण्यातून वासाचे रेणू जास्त उडतात, त्यामुळे क्लोरीनचा वासही अधिक जाणवतो. असं पाणी मूल पीत नसेल, तर दोष मुलाचा नाही. उन्हात श्रम करणाऱ्या माणसांवरच्या प्रयोगांतही हेच आढळलं आहे, की कोमट पाण्यापेक्षा गार पाणी माणूस आपणहून जास्त पितो.

यावर आपल्याकडे जुना आणि नामी उपाय आहे: माठ. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता माठातल्या पाण्यातूनच जाते. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडालं, तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होऊ शकतं. हवा जितकी कोरडी, तितकं बाष्पीभवन जोरात. म्हणून कोकणातल्या दमट हवेपेक्षा खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ कितीतरी चांगलं काम करतो. माठात वाळ्याची जुडी टाकली, तर जिभेला नव्हे, नाकाला खाऊ मिळतो. नाक चिमटीत धरून हे पाणी पिऊन पाहा, वाळा नाहीसा होईल! आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा हिस्सा घशामागून नाकात पोचणारा वास असतो.

क्लोरीनबद्दल मात्र एक सावधगिरी. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं मानक सांगतं. तो जंतूंपासून राखण करतो. लिंबातलं 'क' जीवनसत्त्व क्लोरीनशी अभिक्रिया करून त्याचा वास घालवतं. लिटरभर पाण्याला चमचाभर रस पुरतो. पण त्याबरोबर राखणदारही जातो. म्हणून लिंबू पिळलेलं पाणी लगेच प्यावं, साठवू नये.

चवीचं पाणी जास्त का प्यायलं जातं?

तहान हा फार काटेकोर मापारी नाही. घामाने शरीरातलं पाणी कमी झालं, की रक्तातल्या क्षारांची तीव्रता वाढते. मेंदूतल्या अधश्चेतक भागाजवळच्या पेशींना ते कळतं आणि तहान लागते. पण घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. आपण नुसतं पाणी प्यायलो, की रक्त चटकन पातळ होतं आणि पुरेसं पाणी भरून निघण्याआधीच तहान थांबते. त्यातच गार घोट तोंडात आणि घशात पडताच मेंदू 'आता पुरे'ची तयारी करू लागतो. त्यामुळे उन्हात राबणारी माणसं, हाताशी भरपूर पाणी असूनही, गेलं तितकं पाणी पीत नाहीत. एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या सैनिकांची निरीक्षणं करून १९४७ सालच्या आपल्या ग्रंथात हे नोंदवलं.

मुलांचं काय? कॅनडात विल्क आणि बार-ऑर यांनी १९९६ साली ९ ते १२ वर्षांच्या मुलांना ३५ अंश तापमानात थांबून थांबून सायकल चालवायला लावली आणि हवं तितकं पिण्याची मुभा दिली. साध्या पाण्यापेक्षा द्राक्षाचा स्वाद दिलेलं पाणी मुलांनी सुमारे ४५ टक्के जास्त प्यायलं. त्यातच थोडी साखर आणि मीठ घातल्यावर ते प्रमाण आणखी वाढलं आणि शरीरातली पाण्याची तूट राहिलीच नाही.

हे वाचल्यावर आम्हाला आठवलं ते कैरीचं पन्हं. आंबट, गोड आणि चिमूटभर मीठ! ताकातही आंबटपणा आणि मीठ आहे. शिवाय ताकाला आणखी एक काम येतं. झणझणीत शेवभाजी खाल्ल्यावर कितीही पाणी प्यायलं, तरी तोंडाची आग थांबत नाही, कारण मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळतच नाही. ताकातलं केसीन हे प्रथिन ते धरून बाहेर काढतं. भर उन्हाळ्यात तिखट जेवणारा माणूस पाण्याऐवजी ताक मागतो, तेव्हा त्याची मागणी अगदी शास्त्रशुद्ध असते.

मग रोज सरबतच द्यायचं का?

नाही. बाजारातल्या कोलासारख्या पेयाच्या ३०० मिलिलिटर बाटलीत ३० ग्रॅमहून अधिक, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलं. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एक बाटली संपली, की दिवसाचा हिशेब पार! गोडाची ओढ उपजत असते, पण किती गोड 'नेहमीचं' वाटावं हे सवयीने ठरतं. म्हणून सरबत वर्ज्य नको, त्यातली साखर हळूहळू कमी करावी. लिंबाची फोड, वाळा, तुळशीची पानं यांनी स्वाद येतो आणि साखर लागत नाही.

आणखी एक इशारा. पाणी चवीला गोड लागलं म्हणजे ते निर्धोक असतं असं नाही. नायट्रेट आणि फ्लोराइड यांची घातक मात्राही जिभेला कळत नाही. ती तपासणीतूनच कळते.

शाळेत काय करता येईल?

सर्वांत आधी विचारावं, की खरंच पाणी नावडतं का? पुष्कळ मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह अस्वच्छ असतं, दाराला कडी नसते किंवा नळाला पाणी नसतं. 'आवडत नाही' या उत्तरामागे हे कारण लपलेलं असेल, तर वाळा आणि लिंबू काय करणार? तिथे दाराला कडी लावणं हाच उपाय.

बाकीचे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. टाकीवर सावली करावी. वर्गात झाकण आणि ओगराळं असलेला माठ ठेवावा आणि तो रोज घासावा. बाटलीला ओलं फडकं गुंडाळून खिडकीशी ठेवलं, तरी पाणी गार होतं. एक बाटली फडक्यासह आणि एक फडक्याविना ठेवून दर पंधरा मिनिटांनी तापमान मोजायला लावलं, की विज्ञानाचा एक तासही झाला. केरळमधल्या शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. तशी घंटा आपणही देऊ शकतो. आणि ती खाऊच्या सुट्टीनंतर नव्हे, आधी द्यावी. का, ते मुलांनी एव्हाना चुळीच्या प्रयोगातून शोधून काढलेलं असेल.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं मूल म्हणालं, "मला पाणी नाही आवडत," तर त्याला विचारू या: कोणतं पाणी? कुठलं? किती गरम? आणि आधी काय खाल्लं होतंस?