आधी घर, मग रस्ता

पुण्याच्या कडेला, धायरीच्या चढावर किंवा लोहगावच्या माळावर, नवी वस्ती उभी राहते तेव्हा तिची पहिली खूण घराची नसते. शेतात फक्कीच्या रेघा पडतात, कोपऱ्यांवर चुना फासलेले दगड रोवले जातात आणि ज्वारीची धसकटे अजून जमिनीत असतानाच त्या जागेला ‘प्लॉट’ हे नाव मिळते. माप गुंठ्याचे. एकराचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, १,०८९ चौरस फूट. पुष्कळांना त्यातला अर्धाच परवडतो. १९४७चा तुकडेबंदी कायदा २०२५ साली शिथिल होईपर्यंत एवढासा तुकडा विकू देत नसे, म्हणून आठ-दहा अनोळखी माणसे एकाच खरेदीखतावर सामाईक मालक होत, नाहीतर नोटरी केलेल्या कागदावर आणि विकणाऱ्याच्या शब्दावर भागवत. सातबाऱ्यावर जमीन शेतीचीच राहते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर मात्र घर चढते आणि घरपट्टी सुरू होते. सरकारच्या एका दप्तरात जे घर नाही, ते दुसऱ्या दप्तरात कर भरत असते.

या वस्त्यांना ‘अनियंत्रित वाढ’ म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्याला लागली आहे. घराकडे नीट पाहिले तर मला त्यात अनियंत्रित असे काही दिसत नाही. आधी पत्र्याची एक खोली आणि दारात पाण्याचा बॅरल. वर्ष-दोन वर्षांनी विटांच्या भिंती, त्याही आतूनच गिलावा केलेल्या. मग स्लॅब. स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया हात-दीड हात मोकळ्या सोडलेल्या, कारण मुलाच्या लग्नापर्यंत वरची खोली काढायची असते आणि तोवर जमल्यास खालची एक भाड्याने द्यायची असते. कागद स्वच्छ नसल्याने गृहकर्ज सहसा मिळत नाही. भिशी, पतसंस्था, गहाण टाकलेले दागिने आणि गावाकडचा हिस्सा यांतून हे बांधकाम हप्त्याहप्त्याने पुढे सरकते. इतक्या तुटपुंज्या आणि अनियमित मिळकतीवर पक्के घर उभे करण्याची दुसरी रीत या शहराने या माणसांपुढे ठेवलेली नाही. माझे म्हणणे असे की या वस्त्यांत घर फसलेले नाही, फसला आहे तो रस्ता. घर एकेका कुटुंबाला आपापल्या कुवतीने वाढवता येते. रस्ता, गटार आणि पाण्याची वाट यांची जागा मात्र कुणाला एकट्याने राखता येत नाही, आणि ती एकदा गेली की परत येत नाही.

ती कशी जाते, याचे गणित सोपे आहे. पूर्ण गुंठ्याच्या प्लॉटपुढे वीस फुटी रस्ता ठेवायचा तर दोन्ही बाजूंच्या प्लॉटांच्या वाट्याला दहा-दहा फूट येतात. तेहतीस फुटांच्या दर्शनी बाजूला ही ३३० चौरस फूट जमीन झाली, गुंठ्याच्या जवळजवळ एक तृतीयांश. तोच रस्ता बारा फुटी ठेवला तर १९८ चौरस फुटांत भागते. दर प्लॉटमागे १३२ चौरस फूट वाचले, म्हणजे अकरा बाय बाराची एक खोली, आणि ती विकता येते. विकणाऱ्याला रस्ता रुंद ठेवण्याचे कारणच उरत नाही. घेणाऱ्यालाही त्या दिवशी स्वस्त प्लॉट हवा असतो. दोघांच्या व्यवहारात तिसरा पक्ष म्हणजे पुढची पन्नास वर्षे त्या गल्लीतून जाणारी माणसे, आणि त्यांच्या वतीने बोलायला तिथे कुणी नसते.

पुढची झीज सावकाश होते. पहिल्या पावसाळ्यात चिखल होतो, म्हणून घरटी वर्गणी काढून मुरूम टाकतात. निवडणुकीच्या आधी काँक्रीट येते. जुना थर न उखडता त्याच्यावरच नवा ओतला जातो, रस्ता चार-सहा इंच वर येतो आणि जोते तेवढे खाली जाते. पाणी घरात शिरू लागते. मग माणसे उंबरा उचलतात, दारापुढे दोन पायऱ्या टाकतात आणि त्या पायऱ्या रस्त्यात येतात. ज्यांना जमते ते जोत्यापासून घर वर घेतात, त्यांचे पाणी शेजाऱ्याकडे वळते. बारा फुटांचे दहा होतात, दहाचे आठ. त्या आठ फुटांत पाण्याची नळी, सांडपाण्याचे चेंबर आणि विजेचा खांब एकमेकांना खेटून बसतात, आणि टँकरला आत वळता येत नाही म्हणून लांबलचक पाइप ओढावा लागतो. २०२५च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली तेव्हा नांदेड गाव, किरकटवाडी आणि धायरी ही नावे रोज वर्तमानपत्रांत येत होती आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले जात होते. धायरी २०१७ साली महापालिकेत आली, नांदेड आणि किरकटवाडी २०२१ साली. घरे त्याच्या कितीतरी आधीची.

कायद्याने यात काही केले नाही असे नाही. अशा गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या वस्त्यांसाठीच्या २००१च्या गुंठेवारी अधिनियमाच्या नावातच तीन गोष्टी आहेत: नियमाधीन करणे, श्रेणीवाढ आणि नियंत्रण. पहिलीचीच रांग लागते, कारण ती एका प्लॉटची, एका अर्जाची आणि एका शुल्काची बाब आहे. ज्या तारखेपर्यंतची वस्ती नियमाधीन होऊ शके, ती मुळात १ जानेवारी २००१ होती, २०२१च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२०पर्यंत आली. तारीख वीस वर्षे पुढे सरकली, गल्ली जिथल्या तिथे राहिली.

घर फसलेले नाही या माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. ज्याने नियम पाळून, कर्ज काढून लहानसा फ्लॅट घेतला, त्याच्यासमोर आपण नियम मोडणाऱ्याला बक्षीस देतो का? नुसती तारीख पुढे ढकलणे हे तसेच बक्षीस आहे, हे मान्य करायला हवे. पण ज्या किमतीला बिगरशेती, मंजूर ले-आउटमधला प्लॉट मिळतो, ती किंमत सुरक्षारक्षकाच्या किंवा गवंड्याच्या पगारात बसत नाही. त्याने निवडला तो स्वस्त कायदेशीर प्लॉट सोडून बेकायदा प्लॉट नव्हे. तसा कायदेशीर प्लॉट बाजारात नव्हताच. ओढ्याच्या पात्रातली घरे मात्र मी या युक्तिवादात धरत नाही. २०१९च्या सप्टेंबरमध्ये पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने जे केले, त्यानंतर तिथे नियमाधीन करण्याची भाषा कुणी करू नये.

दुसरा आक्षेप असा की गरिबांची वस्ती आखून देणे कागदावरच शोभते. याला उत्तर कांदिवलीच्या चारकोपमध्ये आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप, गोराई आणि मालवणी इथे आधी रस्ते, पाणी, गटारे आणि शाळा-मैदानांच्या जागा आखल्या गेल्या आणि लहान लहान प्लॉट दिले गेले. घर ज्याचे त्याने वाढवायचे. तेव्हा ती मुंबईची कड होती, आणि या प्रकारच्या योजना फसल्या असा शेराही पुढे मिळाला. जागतिक बँकेच्याच अभ्यासकांनी वीस वर्षांनंतर पुन्हा पाहणी केली, तेव्हा त्यांना तिथे भरलेल्या, नांदत्या वस्त्या दिसल्या. घरे तिथेही हप्त्याहप्त्यानेच वाढली. फरक एवढाच की त्यांना वाढायला रेषा होत्या.

चारकोपची जमीन सरकारच्या हाती होती, पुण्याच्या कडेची शेतकऱ्याची आहे, हा भेद खरा आहे. म्हणून तिथे संपादनापेक्षा नगररचना योजनेची वाट जवळची. सगळ्यांच्या जमिनी एकत्र मोजायच्या, प्रत्येकाकडून रस्त्यापुरता हिस्सा घ्यायचा आणि उरलेली जमीन आखून परत द्यायची. भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, पुण्याची कड होते तेव्हा तिथे हेच केले गेले, आणि ते रस्ते आजही वापरात आहेत. मात्र योजनेला वर्षे लागतात आणि फक्की टाकायला एक सकाळ. तेव्हा निदान मुख्य रस्त्यांच्या आणि ओढ्यांच्या रेषा तरी गावनकाशावर आधी पक्क्या करून, दगड रोवून, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवून ठेवाव्यात. वाघोलीपलीकडे आणि मांजरीच्या खाली अजून कित्येक गटांत ऊस उभा आहे. तिथल्या बांधावर ‘एक गुंठा, सुलभ हप्ते’ असा फलक लागायच्या आत भूमापकाचे दगड पोचायला हवेत.