हातचा न घेता केलेली बेरीज

समजा, वर्गात ४० विद्यार्थी आहेत. बाईंनी दोन अंकी ४० संख्या वाचून दाखवल्या. पण प्रत्येकाची एकेक संख्या लिहायची राहिली, आणि तीही प्रत्येकाची वेगळी. आता बाईंना पुन्हा किती संख्या सांगाव्या लागतील? '४०' हे उत्तर चटकन सुचते. खरे उत्तर आहे १!

बाईंनी सर्व संख्यांची बेरीज सांगावी. आपल्याजवळच्या ३९ संख्या तिच्यातून वजा केल्या की राहिलेली संख्या प्रत्येकाच्या हाती येते. अडचण एवढीच, की ही बेरीज दोन अंकांत मावत नाही. आणि संदेशवहनात संदेशाची लांबी बहुधा ठरलेली असते. उपाय सोपा आहे: हातचा घ्यायचाच नाही. २७, ४५ आणि ६८ यांची अशी बेरीज २० येते (७+५+८=२०, त्यातील ० ठेवला; २+४+६=१२, त्यातील २ ठेवला). ज्याच्याकडे ६८ नाही, त्याची २७ व ४५ यांची बेरीज ६२ येईल. २० मधून ६२ स्थानवार वजा करताना कमी पडेल तेथे १० मिळवावेत: १०−२=८, १२−६=६. उत्तर ६८! संगणक हीच युक्ती ० आणि १ या दोनच अंकांवर वापरतो; तेथे १+१=०.

आता प्रश्न थोडा अवघड करू. एका विद्यार्थ्याची वही कोरी आहे. त्याच्या मित्रांकडे सर्व ४० संख्या आहेत, पण त्याला कोणत्या मिळाल्या हे त्यांना ठाऊक नाही. प्रत्येकाने मनाला येईल ती एक संख्या कळवली, तर पुढे पुढे जुन्याच संख्या पुन्हा येऊ लागतात. एकच संख्या उरली असताना केवळ तिच्यासाठी सरासरी ४० निरोप लागतात! सर्व संख्या मिळायला सरासरी सुमारे १७१ निरोप लागतात.

त्याऐवजी मित्राने प्रत्येक संख्येसाठी नाणे उडवावे. छापा पडला तर ती बेरजेत घ्यावी, काटा पडला तर सोडावी, आणि संगणकी पद्धतीची ती बेरीज कळवावी. अशी प्रत्येक बेरीज म्हणजे एक समीकरण. ४० अज्ञातांसाठी ४० स्वतंत्र समीकरणे पुरतात, आणि ती सरासरी सुमारे ४२ निरोपांत मिळतात. कारण येथे कोणतीही एक विशिष्ट बेरीज अडून राहत नाही. जवळजवळ प्रत्येक नवी बेरीज काहीतरी नवे सांगतेच.

याची किंमतही मोजावी लागते. बेरजेत कोणत्या संख्या घेतल्या याची ४० खुणांची यादी सोबत धाडावी लागते आणि समीकरणे सोडवावी लागतात. मूळ संदेश हजारो अंकांचा असेल, तर ही यादी नगण्य ठरते.

निरोप्याने निरोप जसाच्या तसा पोचवावा, अशी आपली समजूत असते. आल्सवेडे, काय, ली आणि यंग यांनी २००० साली गणिताने दाखवले, की मधल्या केंद्रांना संदेश मिसळू दिले, तर काही जाळ्यांत अनेक ठिकाणी एकाच वेळी अधिक माहिती पोचते. नुसते पुढे पाठवून तेवढी पोचत नाही.

वर्गात तीन कार्डे घेऊन पहिला प्रयोग जरूर करून पाहा. बेरीज-वजाबाकी कशासाठी शिकायची, या प्रश्नाचे एक उत्तर त्यात सापडेल.