चैत्रातील आठवड्याचा अंदाज : ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके काय?

होळी सरून गुढीपाडवा जवळ येतो, तेव्हा देशाच्या मोठ्या भागात रब्बीचा हंगाम अखेरच्या टप्प्यात असतो. उत्तरेकडील मैदानांत गहू पिवळा पडू लागतो, विदर्भ-मराठवाड्यात हरभरा खळ्यावर येतो, नाशिक परिसरात द्राक्षांची काढणी सुरू असते आणि कोकणात हापूस झाडावर असतो. वर्षभराच्या श्रमांचे फळ अशा वेळी पुढील सात दिवसांच्या आकाशावर अवलंबून राहते. म्हणूनच भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या साप्ताहिक अंदाजातील प्रत्येक शब्दाचा अर्थ समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

वसंतातील हवामानावर प्रामुख्याने दोन घटकांचा प्रभाव असतो. पहिला घटक म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरातून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी झंझावात. हिमालयात बर्फवृष्टी आणि पंजाब, हरियाणा, राजस्थानात वादळी पाऊस होतो, तो त्यांच्यामुळे. दुसरा घटक म्हणजे तापलेली जमीन. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प आणि वायव्येकडील कोरडे वारे मध्य भारतावर एकत्र आले, की दुपारनंतर उंच ढग तयार होतात आणि विजांसह पाऊस पडतो. ढगांच्या वरच्या भागातील हवा पुरेशी थंड असल्यास गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च 2014 मधील गारपिटीने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान केले होते. याच काळात पश्चिम बंगालमध्ये कालबैसाखीची वादळे येतात, तर कर्नाटकात कॉफीला फुलोरा आणणाऱ्या सरी पडतात.

अंदाजासाठी देशाचे 36 हवामान उपविभाग करण्यात आले आहेत. त्यांपैकी कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे चार मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेत. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ उपविभागातील 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पावसाची शक्यता, असा होतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75 टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. हे शब्द पावसाचा विस्तार सांगतात, जोर नव्हे. त्यामुळे ‘तुरळक’ पाऊसही एखाद्या गावात पीक आडवे करू शकतो.

उष्णतेच्या लाटेचेही निकष ठरलेले आहेत. कमाल तापमान मैदानी भागात किमान 40, किनारपट्टीवर 37 आणि डोंगराळ भागात 30 अंश सेल्सिअस असावे लागते, तसेच ते सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी अधिक असावे लागते. मैदानी भागात पारा 45 अंशांवर गेल्यास सरासरीचा विचार न करताही लाट मानली जाते. मार्च 2022 हा देशातील 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणे भरण्याच्या काळातच गव्हाला त्याचा फटका बसला आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

इशाऱ्यांचे रंगही याच दृष्टीने पाहावेत. हिरव्या रंगाचा अर्थ इशारा नाही. पिवळा लक्ष ठेवण्यास, नारिंगी सज्ज राहण्यास आणि लाल तातडीने कृती करण्यास सांगतो.

अंदाजाला मर्यादाही आहेत. आठवडाभर आधी वादळी पावसाचा कल आणि प्रदेश सांगता येतो. गार नेमकी कोणत्या शिवारात पडेल, हे मात्र सांगता येत नाही. ढग रडारवर दिसू लागल्यानंतरच पुढील तीन तासांसाठीचे तात्कालिक इशारे दिले जातात. म्हणून साप्ताहिक अंदाजावरून कापणी व मळणीचे नियोजन करावे, दररोजच्या सुधारित अंदाजानुसार त्यात बदल करावा आणि कापलेला माल झाकण्याची तयारी आधीच ठेवावी. मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणारा कृषी हवामान सल्ला या कामी उपयुक्त ठरतो. विजा कडाडू लागल्यावर मात्र माल वाचविण्यासाठी शेतात थांबू नये आणि झाडाखाली आसरा घेऊ नये.