चिनी साप वसईत

वसई-विरारला साप नवा नाही. एका बाजूला तुंगारेश्वरचं जंगल, दुसऱ्या बाजूला भातखाचरं आणि वाड्या. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की धामण सोसायटीच्या पार्किंगमध्ये येते आणि सर्पमित्राचा फोन खणखणतो. पण ऐंशीच्या दशकात इथल्या पोरांना ज्या सापानं वेड लावलं, तो जंगलातून आला नव्हता. तो हाँगकाँगहून, व्हिडिओ कॅसेटमधून आला.

त्याआधी ब्रूस ली येऊन गेला होता. २० जुलै १९७३ ला तो वारला, त्याच वर्षी 'एंटर द ड्रॅगन' निघाला आणि पुढे काही वर्षांत आपल्याकडच्या पडद्यांवर धडकला. त्यात एक नाग आहे. ब्रूस ली त्याला शांतपणे पकडतो, पिशवीत भरतो आणि पहारेकऱ्यांच्या खोलीत सोडून देतो. हे काम आपला कुठलाही सर्पमित्र करतो, निदान पहिला अर्धा भाग तरी. ब्रूस ली सापासारखा लढत मात्र नाही.

सापासारखा लढला तो जॅकी चॅन. युएन वू-पिंग यांचा 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' १९७८ चा. १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घरोघरी शिरले, तेव्हा असे सिनेमे भाड्यानं मिळू लागले. सत्यनारायणाच्या पूजेनंतर चाळीत किंवा अंगणात रात्रभर तीन पिक्चर लावायचे, त्यातला एक 'चायनीज मारामारीचा' असायचाच. या सिनेमात एक म्हातारा भिकारी गरीब पोराला सर्पशैली शिकवतो. ती खलनायकाच्या गरुडपंजापुढे अपुरी पडते. मग पोरगा एका मांजरीला नागाशी झुंजताना पाहतो आणि सापाच्या डावांत मांजरीचा पंजा मिसळतो. शिकवणाऱ्या माणसापेक्षा मांजर बरी, हे आम्हाला फार पटलं होतं.

पडद्यावरचा हा साप मठात वाढलेला नव्हता. जॅकी चॅन लहानपणी हाँगकाँगच्या एका पेकिंग ऑपेरा शाळेत कसरती शिकला. भिकारी झालेले युएन सिउ-तिएन हे दिग्दर्शकाचे वडील, तेही ऑपेरातलेच. म्हणजे आम्ही ज्याला प्राचीन युद्धविद्या समजत होतो, तिच्यात रंगभूमीचा मोठा वाटा होता. खलनायक ह्वांग जांग-ली मात्र तायक्वांदोचा खरा खेळाडू, त्याच्या लाथांत ते दिसतं.

खरी सर्पशैली, म्हणजे शेक्वान, ही एकच एक शैली नाहीच. दक्षिण चीनमधल्या घराण्यांत वाघ, बिबट्या, बगळा, साप आणि ड्रॅगन ही पाच रूपं एकत्र शिकवतात. उत्तरेकडच्या शिंग यी-क्वानमध्ये बारा प्राण्यांत साप येतो. ताइचीच्या यांग घराण्याच्या लांब क्रमात 'पांढरा साप जीभ बाहेर काढतो' नावाची चालच आहे. सर्पहस्त म्हणजे हाताची चार बोटं जुळवायची, मनगट वाकवायचं आणि बोटांच्या टोकांनी डोळे किंवा गळ्यासारखी मऊ जागा गाठायची. समोरच्याचा ठोसा अडवायचा नाही, त्याच्या हाताला चिकटून, त्याभोवती वेढा घालत आत शिरायचं. पाठीचा कणा लवचीक हवा आणि श्वास लांब. बोटं मोडून घ्यायची नसतील तर वर्षानुवर्षं तयारी हवी, हे कॅसेटवर कुणी सांगितलं नाही.

दंतकथेतल्या झांग सानफेंग या साधूनं पक्षी आणि साप यांची झुंज पाहून ताइची रचली, ही कथा चीनमध्ये घरोघरी सांगतात. तिला ऐतिहासिक पुरावा नाही. आपल्याकडे बाळंभटदादा देवधरांच्या मल्लखांबाची अशीच कथा सांगतात, त्यात वानर येतात. गुरू सापडला नाही की प्राणी सापडतो.

वसईजवळच्या सोपाऱ्यात तर आणखी एक धागा हमखास ओढला जातो. इथे स्तूप आहे, पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो १८८२ साली उकरला, अशोकाच्या लेखाचे तुकडे मिळाले. मग बौद्ध भिक्षू बोधिधर्म इथूनच बोटीनं चीनला गेला असेल आणि कुंगफू घेऊन गेला असेल! गप्पांना हे ठीक आहे. परंपरा त्याला दक्षिण भारतातला मानते, आणि कसरतींशी त्याचं नाव जोडणारा 'यी जिन जिंग' हा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी आलेला. सापाचा भारतीय भाऊबंद शोधायचाच तर केरळात जावं. तिथल्या कळरिपयट्टू या युद्धकलेच्या आठ वडिवूंमध्ये, म्हणजे प्राणिरूपांमध्ये, हत्ती, सिंह, घोडा यांच्यासोबत सर्प आहे.

वसईत मात्र साप शोधायला निघालेल्या पोराला सापडला कराटेचा क्लास. इमारती वाढत होत्या, शाळेचं मैदान, गच्ची, सोसायटीचा हॉल, कुठेही क्लास भरायचा. पाटीवर 'कुंगफू' असलं तरी आत जपानी मोजणीच चालायची. याचं कारण मला साधं वाटतं. कराटेला पट्टे आहेत, परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. कराटेगुरू फुनाकोशींनी १९२४ मध्ये पहिले ब्लॅक बेल्ट दिले तेव्हापासून ही व्यवस्था पक्की आहे. पिवळ्या पट्ट्याचा फोटो नातेवाइकांना दाखवता येतो. सापाचा कुठला पट्टा दाखवणार?

तरी साप अगदीच बाहेर राहिला नाही. ओकिनावाच्या कराटेत चीनच्या फुजियान प्रांतातली शैली मिसळलेली आहे. हेइयान निदान या सुरुवातीच्या कातात, म्हणजे ठरीव क्रमात, बोटं ताठ जुळवून पुढे खुपसण्याची नुकिते नावाची चाल येते, तीही आरोळीसकट. वसई-नालासोपाऱ्याच्या किती मुलांनी ती घोटली असेल! सर्पहस्ताची ती जवळची नातलग, पण क्लासमध्ये तिची ओळख कुणी तशी करून दिली नाही.

त्याच काळात दुसरा साप जोरात होता. १९८६ चा 'नगीना' आला आणि लग्नाच्या वरातीत, मग ती हिंदूंची असो की आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची, ब्रास बँड १९५४ च्या 'नागिन'ची बीन वाजवू लागला की एकजण दातांत रुमाल धरायचा आणि दुसरा डोक्यावर हातांचा फणा करून जमिनीवर लोळायचा. ती मूळ बीनसुद्धा बीन नव्हती, कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिनवर वाजवली होती. कॅसेट पाहून आलेली पोरं त्याच वरातीत सर्पहस्ताची झलक दाखवून घ्यायची. प्रेक्षक दोन्हींना सारखेच हसायचे.

नव्वदनंतर वुशू हा चिनी युद्धकलांचा खेळ आला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत त्याला पहिल्यांदा स्थान मिळालं. पण त्यात चांगक्वान, नानक्वान, ताइचीक्वान असे ठरीव प्रकार आणि सांडा ही प्रत्यक्ष लढत. २००६ ते २०२३ या काळात आशियाई स्पर्धांत भारतानं वुशूची पदकं मिळवली ती सांडामध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि पाडापाडी. प्राण्यांची नक्कल तिथे गुण मिळवून देत नाही.

पुढच्या पिढीला साप भेटला तो 'कुंगफू पांडा'तल्या व्हायपरच्या रूपात, २००८ मध्ये. तिला तर विषाचे दातही नाहीत. आणि २०१० च्या 'द कराटे किड'मध्ये वुडांग पर्वतावर एक बाई नागासमोर डोलते. मुलगा म्हणतो, ती सापाची नक्कल करतेय. जॅकी चॅन, आता स्वतःच म्हातारा गुरू, त्याला सांगतो की साप तिची नक्कल करत होता. त्या सिनेमात सगळं कुंगफूच आहे, कराटे नावापुरतं. आमच्याकडच्या क्लासांत तीस वर्षं याच्या बरोबर उलट चाललं होतं.